हेक्टरचा दगड

शुक्रवारी साप्ताहिक आलं आणि इशबेल गिलेस्पीची ओटची लापशी करपली. तिसऱ्या पानावर ऐल्सा प्रिंगल उभी होती, निम्मं पान अडवून. एक हात कमरेवर, दुसरा एका करड्या दगडावर, जसा काही तो दगड बाईंनी माहेराहून आणलाय. खाली छापलं होतं: 'क्रेग दू डोंगरावर हजारो वर्षांपूर्वीचं कोरीवकाम. नवख्या संशोधिकेची कमाल!'

"कमाल म्हणे!" इशबेल रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाली. "दात उपटायचे दिवस संपले, आता आमचे डोंगर उपटायला आलीय."

खोटं कशाला बोला, तिच्या पोटात दुखत होतं. आजचं नाही, दोन वर्षांचं दुखणं. ऐल्सा एडिंबरोहून आली ती दातांचा दवाखाना विकून. चर्चच्या वरच्या अंगाचं घर घेतलं आणि महिन्याभरात ग्लेन फेर्ना या दरीच्या इतिहास मंडळाची सभासद झाली. पहिल्याच उन्हाळ्यात तिला गुराख्यांच्या जुन्या झोपड्यांचे पाये सापडले. दुसऱ्या उन्हाळ्यात ओट वाळवायची दगडी भट्टी. आणि आता हा दगड: खळग्यांसारख्या कोरलेल्या सात वाट्या, त्यांतल्या तीन वाट्यांभोवती गोल गोल कडी. बरं, बाई वाईट म्हणावी तर तसंही नाही. हसतमुख, भेटेल त्याला केक खाऊ घालणारी, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांशी अगं-तुगं. त्याचाच इशबेलला जास्त राग यायचा. वाईट असती तर निदान उघडपणे नावं ठेवता आली असती.

इशबेलने याच डोंगरांत चाळीस वर्षं तंगडतोड केली होती. पावसात, चिखलात, माश्यांच्या घोळक्यात. तिच्या नावावर काय? शून्य. प्रत्येक नोंदीच्या कार्डावर एक ओळ असते: 'शोधणाऱ्याचं नाव'. ते नाव एकदा चढलं की कायमचं. इशबेलने आधी मंडळाची चिटणीस म्हणून आणि मग जिल्ह्याच्या संग्रहालयात नोंदी ठेवणारी म्हणून अशी चार हजार कार्डं टाइप केली होती, आणि त्या ओळीवर चार हजार वेळा दुसऱ्यांची नावं चढवली होती. मेहनत हिची आणि आयत्या बिळावर नागोबा तिसराच. मात्र तिच्या कार्डात कधी चूक सापडली नाही, हे अख्खी दरी मानायची. नव्या सभासदाला नकाशाचे आकडे वाचायला तीच शिकवायची. "आधी आडवं, मग उभं," ती बजावायची. "घरात शिरलं की आधी बोळातून चालायचं, मग जिना चढायचा. उलट केलंत तर भलत्याच डोंगरावर जाल." ऐल्सालाही तिनंच शिकवलं होतं. तेही आता मनात सलत होतं.

आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक जुनं दुखणं होतं. तिचा नवरा हेक्टर जंगलखात्यात होता. पस्तीस वर्षांपूर्वी एका डिसेंबरात त्याने मंडळाला सांगितलं, क्रेग दूवर मला कोरलेला दगड दिसला. मंडळाने नोंद छापली. जूनमध्ये बारा माणसं नकाशा घेऊन पाहायला गेली आणि गुडघाभर दलदलीत उभी राहिली. दगड नाही, दगडाचा तुकडा नाही. तेव्हापासून ग्लेन फेर्नात जी गोष्ट नसतेच तिला 'हेक्टरचा दगड' म्हणायची पद्धत पडली. बस आली नाही? गेली असेल हेक्टरचा दगड बघायला. मेंढपाळ टॅम लेडलॉची उसनी दिलेली शिडी परत येत नसली की तो म्हणायचा, शिडीचा हेक्टरचा दगड झाला. हेक्टरसमोर म्हणायचे. तोही हसायचा. सहा वर्षांपूर्वी तो गेला, तरी म्हण काही गेली नाही.

आता त्याच क्रेग दूवर दगड सापडला होता. पण डोंगराच्या अगदी उलट बाजूला, दक्षिणेच्या उतारावर. त्यामुळे हा आणि तो एक, असं कोणाच्या मनातही आलं नाही. इशबेलच्याही नाही.

शनिवारी सगळे मोजमापाला गेले. इशबेल गेली कारण न जाणं म्हणजे पोटातलं दुखणं चारचौघांत मांडणं. स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांचं जंगल उन्हाळ्यात तोडून झालं होतं आणि सगळा उतार नुसता खुंटांनी भरलेला. पाय मुरगळतील अशी जागा. नोव्हेंबरचं ऊन अगदी आडवं पडलं होतं. असलं कोरीवकाम दिसतं ते याच आडव्या उन्हात; भर दुपारी त्यावर बसून डबा खाल्लात तरी कळायचं नाही.

"अगं इशबेल, टेप जरा ताण ना," दगडाशी गुडघे टेकून ऐल्सा म्हणाली.

"ताणलाय, मिसेस प्रिंगल. याहून ताणला तर तुटेल."

मंडळाचे अध्यक्ष फर्गस टुलॉख वही घेऊन उभे होते. पोलिसातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेला माणूस. मेंढी शिंकली तरी वेळ टिपून ठेवणार. पलीकडे टॅम लेडलॉ कुंपणाला टेकून मजा बघत होता. मेंढ्या त्याच्या, कुंपण त्याचं, आणि जीभही त्याचीच.

"चला, एक तरी दगड खरा निघाला क्रेग दूवर," टॅम म्हणाला. "आमचा हेक्टर बिचारा असता तर—"

"टॅम," फर्गस गुरगुरले.

"अहो, प्रेमाने म्हणतोय!"

इशबेलने ओठ दाबून टेपचा आकडा वाचला. तेवढ्यात ऐल्सा उठली, हातमोज्यांची माती झटकली आणि भोवती एक फेरी मारून आली.

"एक गंमत पाहिलीत का? इथे खुंटच नाहीत."

खरंच नव्हते. सगळ्या उतारावर दोन-दोन पावलांवर खुंट, शाळेतल्या पोरांसारखे रांगेत. आणि दगडाभोवती मात्र चार पावलांचं मोकळं रिंगण.

"खाली खडक असेल. झाड धरलं नसेल," फर्गस म्हणाले.

ऐल्साने लोखंडी गज घेऊन रिंगणात खुपसला. तो सरळ दोन फूट आत गेला. आणखी तिकडे खुपसला, तिकडेही गेला. "खडक कुठला? चांगली माती आहे. ज्याने झाडं लावली त्याने मुद्दाम जागा सोडलीय. त्याला दगड माहीत होता!" ती खुशीत म्हणाली. "कोण असेल बरं?"

"जंगलखात्याच्या टोळ्या काय कमी होत्या?" टॅम म्हणाला. "कोण कुठली ते त्यांनाच ठाऊक."

इशबेलला ठाऊक होतं. त्या डिसेंबरनंतरच्या वसंतात महिनाभर तिने रोज सकाळी डबा भरून दिला होता आणि रोज संध्याकाळी क्रेग दूचा काळा चिखल फरशीवरून पुसला होता. हा उतार हेक्टरच्या टोळीने लावला होता. वरच्या रांगा तर तो स्वतः लावायचा, कारण पोरं चढायला कुरकुरायची.

आधी तिला काय वाटलं म्हणाल, तर आनंद. निव्वळ, दुष्ट आनंद. हा दगड हिचा नाही! माझ्या हेक्टरचा आहे! पेपरात फोटो छापा, केक वाटा, हवं ते करा; पस्तीस वर्षं आधी माझ्या माणसाने पाहिलाय हा! तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं तिला. पण पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हेही चाळीस वर्षं तीच लोकांना सांगत आली होती. तिने टेप गुंडाळला आणि मूग गिळून डोंगर उतरली.

"आज तू फार गप्प आहेस गं," ऐल्सा म्हणाली.

"थंडी आहे," इशबेल म्हणाली.

रविवारी चर्चहून आल्या आल्या तिने माळ्यावरून हेक्टरच्या कामाच्या वह्या काढल्या. खिशात मावतील अशा, पावसाने फुगलेल्या. तासाभरात सापडलं. डिसेंबरचं पान, पेन्सिलने काढलेला दगड. सात वाट्या. तीन वाट्यांभोवती कडी. खाली नकाशाचे आकडे: ४६३ ४३६. तिने नकाशा टेबलावर पसरला आणि आडवं चालून उभं चढली. बोट बरोबर दक्षिणेच्या उतारावर टेकलं, कालच्या रिंगणात.

"बघ!" ती मोठ्यांदा म्हणाली. "बघ म्हणावं, मिसेस प्रिंगल!"

वसंतातल्या एका पानावर पुन्हा दोन ओळी होत्या. 'क्रेग दू, वरच्या रांगा. दगडाभोवती चार पावलं मोकळी सोडली.' बस. याहून भक्कम पुरावा तिला चार हजार कार्डांत दिसला नव्हता. मग दलदलीत कशी काय गेली बारा माणसं? हेक्टरने लिहून देताना काही चूक केली असणार, बिचारा. तिने कपाटातून आपली जुनी फाइल काढली. प्रत्येक कार्डाची कार्बन प्रत ती ठेवायची. आणि त्या कार्डाला हेक्टरने लिहून दिलेली चिठ्ठीही टाचलेली होती.

चिठ्ठीवर होतं: ४६३ ४३६.

कार्डावर होतं: ४३६ ४६३.

खाली टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं होती, इ. गि.

तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. आकडे तेच. आधी उभं, मग आडवं. जी चूक तिने दरीतल्या प्रत्येक माणसाला करू नका म्हणून बजावली होती, ती तिनं स्वतः केली होती, नवऱ्याच्या कार्डात. आणि त्या चुकीने बारा माणसं डोंगराच्या पलीकडे अडीच मैलांवरच्या दलदलीत नेऊन उभी केली होती.

मग ती दुपार तिला आठवली. हेक्टर कामावरून परस्पर तिथे आला होता, सगळ्यांनंतर. चिखलातली बारा माणसं पाहून आधी तर गोंधळलाच. मग मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष, जुने कर्नलसाहेब, यांच्या हातातलं कार्ड घेऊन वाचलं. एकदा वाचलं. मान वर करून डोंगराच्या माथ्याकडे पाहिलं. मग इशबेलकडे पाहिलं. ती आपली नवे बूट सांभाळत उभी होती. पुढच्याच मंगळवारी तिची संग्रहालयात मुलाखत होती, नोंदी ठेवायच्या जागेसाठी, आणि मुलाखत घेणारे कर्नलसाहेबच होते. हेक्टरने कार्डाची घडी घातली, खिशात ठेवलं आणि म्हणाला, "मलाच भास झाला असेल. ऊन आडवं होतं." सगळे हसले. इशबेलही हसली. तिला नोकरी लागली, ती तिने बावीस वर्षं केली, आणि त्या बावीस वर्षांत आणि नंतरही त्या माणसाने तोंडातून एक शब्द काढला नाही.

"मूर्खा!" इशबेल वहीवर ओरडली. "अरे मूर्खा, मला तरी सांगायचंस!"

सांगितलं असतं तर ती उठून कर्नलसाहेबांकडे गेली असती, हे त्याला ठाऊक असणार. तेवढी ती खरी होती. आणि नोकरी लागल्यावर सांगितलं असतं तर नोकरी सोडली असती. मग दगडाभोवती झाडं दाट वाढली, आणि सांगण्यासारखं काही उरलंच नाही. ती रडली. मग उठून तिने लापशीचं करपलेलं भांडं घासलं, कारण शुक्रवारपासून ते तसंच भिजत होतं.

आता करायचं काय? पुढच्या शनिवारी मंडळाची सभा होती. दगडाची नोंद तिथे पक्की होऊन वर जाणार होती, शोधणाऱ्याच्या नावासकट. नुसती वही दाखवली तर फर्गस पहिला प्रश्न विचारणार: मग छापलेले आकडे वेगळे कसे? सार्जंट तो, उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचा नाही. म्हणजे वहीबरोबर कार्ड आलं, आणि कार्डाबरोबर इ. गि. आलं. चाळीस वर्षांत कमावलेलं एकच नाव होतं तिच्याजवळ, 'इशबेलच्या कार्डात चूक नसते,' तेही गेलं. हेक्टरनेच चुकीचे आकडे दिले होते असं म्हणता आलं असतं. चिठ्ठी चुलीत टाकायला कितीसा वेळ लागतो? एकदा तिने चिठ्ठी हातात घेऊनही पाहिली. मेलेल्या माणसावर पुन्हा तीच चूक ढकलायची, या विचाराची तिला शिसारी आली. चिठ्ठी पुन्हा टाचून ठेवली.

गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. गप्प बसलं की दगड ऐल्सा प्रिंगलचा. आणि नेमकं तेवढंच तिला गिळवत नव्हतं.

बुधवारी ती बया स्वतःच दारात हजर. हातात आल्याचा केक, बगलेत कागद.

"इशबेल, एक काम होतं गं. नोंदीचा मसुदा केलाय. टाइप तू कर ना. फर्गस म्हणाले, तुझ्या हातून आजवर एक आकडा चुकलेला नाही."

इशबेलने कागद घेतला. ४६३ ४३६, स्वच्छ, गोल अक्षरात. शोधणाऱ्याचं नाव: ऐल्सा मार्गारेट प्रिंगल. तीन बोटं इकडची तिकडे पडली तर हिचाही दगड दलदलीत जाईल, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग बघू पेपरवाले काय छापतात! लाज वाटली, पण विचार आला तो आला.

"केक घेतेस ना? तुझ्यासाठी मुद्दाम साखर कमी घातलीय."

"ठेवा तिथे. दात जपायला हवेत," इशबेल म्हणाली.

ऐल्सा खळखळून हसली. तिला वाटलं विनोद केला. टोमणे मारावेत तर तेही या बाईला गोड लागायचे; काय करणार माणूस?

केक मात्र चांगला होता. इशबेलने उभ्या उभ्या दोन तुकडे खाल्ले आणि खाताना तिचं ठरलं. कोणी म्हणेल, सत्याची चाड होती म्हणून ठरलं. छे! ऐल्सा मार्गारेट प्रिंगल हे नाव तिला स्वतःच्या हाताने त्या ओळीवर टाइप करायचं नव्हतं, म्हणून ठरलं. स्वतःचं नाक कापून दुसरीला अपशकुन करायचा, तर तसं.

शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये तीसेक माणसं जमली. मसुराचं सूप झालं, स्कोनचे गोड पाव झाले. ऐल्साने पडद्यावर दगडाचे फोटो दाखवले, टाळ्या झाल्या. फर्गसनी नोंद वाचली आणि विचारलं, "कोणाची हरकत?" असं ते दर वेळी विचारायचे. कोणाची कधी नसायची.

"माझी आहे," इशबेल उठून म्हणाली.

खुर्च्या करकरल्या. टॅमने शेजाऱ्याला कोपर मारलं. बायकांचं जुंपणार म्हणून त्याचे डोळे आधीच चमकले होते.

"हा दगड मिसेस प्रिंगलना सापडलेला नाही. हा हेक्टरचा दगड आहे."

हॉलमध्ये हशा पिकला. काय करतील बिचारे, पस्तीस वर्षांची सवय. टॅमचा आवाज सगळ्यांत वर होता. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि एकेक करून गप्प झाले.

तिने वही उघडून फर्गससमोर ठेवली. डिसेंबरचं पान, मग वसंतातलं पान. फर्गसनी चष्मा लावला, चित्र पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. वाट्या मोजल्या. "आकडे बरोबर आहेत," ते सावकाश म्हणाले. "पण इशबेल, छापलेली नोंद तर उत्तरेच्या दलदलीची होती. मी स्वतः तिथे होतो. बूट गेला होता माझा."

"हो."

"मग ती चूक कोणाची?"

तिने चिठ्ठी आणि कार्ड पुढे सरकवलं. "माझी. त्याने बरोबर लिहून दिलं होतं. मी उलटं टाइप केलं. त्याला त्या दिवशी दलदलीतच कळलं, आणि तो बोलला नाही, कारण मंगळवारी माझी मुलाखत होती. त्यानंतरही कधी बोलला नाही. तुम्ही त्याला हसत राहिलात, तो ऐकत राहिला. आता लिहा त्या ओळीवर त्याचं नाव, आणि खाली लिहा की आकडे इशबेल गिलेस्पीने चुकवले होते. नीट अक्षरात लिहा."

मागे चहाची किटली उकळून आपोआप बंद झाली. टॅम लेडलॉने डोक्यावरची टोपी काढली, ती हातात फिरवली आणि जमिनीकडे पाहत राहिला. "मी त्याच्या तोंडावर म्हणायचो," तो पुटपुटला. "दर आठवड्याला म्हणायचो."

इशबेल ऐल्साकडे वळली. दोन वर्षं तिने या क्षणाची वाट पाहिली होती. पडू दे चेहरा, होऊ दे चडफडाट, मागू दे तिला तिचा दगड! पण ऐल्सा उठून टेबलाशी आली, स्वतःच्या नावावर एक रेघ मारली, वर 'हेक्टर गिलेस्पी' असं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. इतक्या सहज, की इशबेलच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं करून हिचं काहीच जात नाही?

सभा कशीबशी संपली. लोक येऊन इशबेलचा हात दाबून गेले. फर्गसनी जाताना सवयीने कडक सलाम ठोकला. ऐल्सा शेवटपर्यंत थांबली. कपबशा विसळल्या, पुसल्या, आणि मग इशबेलच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

"अठ्ठावीस वर्षं?" ती म्हणाली. "जिवंत होते तोवर, एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"आमचा कॉलिन," ऐल्सा म्हणाली, आणि प्रथमच तिच्या तोंडावर हसू नव्हतं. "सूपात मीठ जास्त पडलं, तर आधी पाहुण्यांना सांगायचा, मग मला. दवाखान्यात माझ्या हातून एकाची भलतीच दाढ उपटली गेली होती, तेवीस वर्षांपूर्वी. परवा मुलीच्या लग्नात भाषणात तेही सांगितलं त्याने. घटस्फोट होऊन नऊ वर्षं झाली तरी!" ती थांबली. "दगड काय गं, दुसरा सापडेल. तुला मिळालं ते कोणाला सापडतं?"

इशबेलने तिच्याकडे पाहिलं. ते डोळे तिच्या चांगले ओळखीचे होते. तशीच आत गेलेली नजर, तसेच घट्ट मिटलेले ओठ. दोन वर्षं रोज सकाळी आरशात पाहिलेलं तोंड. ऐल्सा प्रिंगल तिच्यावर जळत होती. आणि खोटं कशाला बोला, इशबेलला बरं वाटलं. ऊन पाठीवर घ्यावं तसं तिने ते घेतलं, चांगलं मिनिटभर.

मग तिला ते अंगावर ठेववेना.

"नको गं माझा हेवा करूस," ती म्हणाली. "सगळे त्याला हसत राहिले म्हणाले ना मी? त्या दिवशी दलदलीत आधी कोणीच हसलं नव्हतं. कर्नलसाहेब रागावलेले, सगळे गप्प. मला भीती वाटली, याच्या पायी माझी नोकरी जाते की काय. म्हणून मीच म्हणाले, 'आमच्या हेक्टरचा दगड म्हणजे असाच, नसलेला.' मोठ्यांदा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग हसले सगळे. ती म्हण माझी आहे, ऐल्सा. टॅमची नाही."

ऐल्साने नुसता आपला हात इशबेलच्या हातावर ठेवला, आणि इशबेलने तो काढला नाही.